फलकावरचे चित्र दालनात येते तेव्हा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक संमेलनात या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. त्यांच्या मालिकेत मजसारख्या निवृत्त चित्रकला शिक्षकाला स्थान मिळावे, हा माझ्या योग्यतेचा भाग नसून चिटणीसांच्या आग्रहाचा आहे. आजचा विषय मात्र मी स्वतः होऊन मागून घेतला. त्याला कारण आहे, आणि ते कारण मला फारसे भूषणावह नाही. ते प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचन मी कोणत्या अधिकाराने करीत आहे आणि कोणत्या अधिकाराने करीत नाही, हे आपणांस कळेल.

आपल्याच एका सभासद कुटुंबातील एक तरुण गेली काही वर्षे भिंतींवर मोठमोठी चित्रे काढीत आहे. शाळांच्या संरक्षक भिंती, उड्डाणपुलाखालचे खांब, एका वसाहतीच्या पाण्याच्या टाकीची भिंत अशा जागा त्याने रंगविल्या. त्याचे एक चित्र ४० फूट लांबीचे आहे. बाजारातून भाजी घेऊन परतणाऱ्या बायकांची रांग त्यात आहे, आणि त्या वसाहतीतील स्त्रिया त्यात आपापले चेहरे शोधतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी एका खासगी कलादालनाने त्याला प्रदर्शनासाठी विचारले. मुलगा हर्षभरित झाला आणि वडील चिंतेत पडले. ते दोघेही माझ्याकडे आले. वडिलांनी विचारले, “मास्तर, भिंत उचलून दालनात कशी न्यायची?” मी शिक्षकी रुबाबात उत्तर दिले, “भिंत कशाला न्यायची? त्याच चित्रांच्या लहान प्रती कर. दोन फूट, तीन फूट. घरात लावता येतील अशा. लोक विकत घेतील.”

मुलाने माझे ऐकले. प्रदर्शन झाले. लोक आले, पाहून गेले. एक गृहस्थ बाहेर पडताना सोबतीला म्हणाले, “दिनदर्शिकेवरची चित्रे वाटतात.” ते शब्द मी ऐकले आणि त्या मुलानेही ऐकले. त्यानंतर कित्येक महिने त्याने कुंचला हाती धरला नाही. सज्जनहो, दोष त्याच्या हाताचा नव्हता, माझ्या सल्ल्याचा होता. तो सल्ला का चुकला याचा विचार करता करता मला जे उमगले, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

मला हे ठाऊक असावयास हवे होते, कारण माझे स्वतःचे पहिले शिक्षण फलकावरच झाले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, १९६८ पासून दोन वर्षे मी गिरणगावातील एका शेडमध्ये सिनेमाचे फलक रंगविणाऱ्या एका मास्तरांच्या हाताखाली उमेदवारी केली. आजच्या मुलांना ते काम कसे चालत असे याची कल्पना नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

चित्रपट कंपनीकडून छायाचित्र येई, साधारण १० इंच उंचीचे. त्यावर मास्तर पेन्सिलीने एक-एक इंचाच्या चौकटी आखीत. मग फलकाच्या कापडावर दोरीला खडूची भुकटी लावून, ती ताणून फटकारून, दोन-दोन फुटांच्या चौकटी पाडीत. छायाचित्रातील एका चौकटीत जे असेल ते फलकावरील त्या क्रमांकाच्या चौकटीत उतरवावयाचे. अशा रीतीने १० इंचांचा नायक २० फुटांचा होई. भुकटीचे रंग अळशीच्या तेलात खलणे, डबे भरणे, कुंचले धुणे, हे आम्हा पोरांचे काम. हात बसला की पार्श्वभूमी भरावयास मिळे, मग कपडे, मग अक्षरे. चेहरा मात्र मास्तरांचा.

परांचीवर उभे राहून मास्तर डोळा रंगवीत, तेव्हा तो डोळा त्यांच्या हातभर अंतरावर असे आणि दोन फूट रुंद असे. तेथून तो डोळा दिसतच नसे. तपकिरी रंगाचा एक डोह, कडेला गुलाबी पट्टा, मध्ये पांढऱ्याचा एक फटकारा, एवढेच दिसे. मास्तर चौकटीवर विश्वास ठेवून रंग लावीत, मग खाली उतरून रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जात आणि तेथून पाहत. तेथून तो डोह सजीव नजर होऊन आपल्याकडे पाहत असे. मला त्या वयात त्याचा अचंबा वाटे, परंतु त्याचा अर्थ कळत नसे. एकच चित्र, पण रंगविणाऱ्याला दिसे ते निराळे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसे ते निराळे. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचाच उपयोग आहे.

आणखी एक गोष्ट. चित्रपट उतरला की फलक शेडमध्ये परत येई, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरे, आणि नव्या चित्रपटाच्या चौकटी आखल्या जात. मास्तरांनी आयुष्यात शेकडो चेहरे रंगविले असतील. त्यांतला एकही आज शिल्लक नाही. त्यांनी सही कधी केली नाही, कारण सही करावयाची असते हेच त्या धंद्यात कोणाच्या मनात येत नसे. माझ्यापाशी त्यांचा एक झिजलेला चपटा कुंचला आहे, एवढीच त्यांची शिल्लक मालमत्ता.

ही परंपरा अप्रतिष्ठित होती असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे आपल्या महाराष्ट्राचे भूषण. सुतारकाम करणाऱ्या मिस्त्री घराण्यात १८९० साली जन्मलेल्या या माणसाने आपले नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळविले. पडदा म्हणजे तरी काय? शेकडो प्रेक्षकांनी दुरून पाहावयाचे प्रचंड चित्र. त्या पडद्यांच्या बळावरच ते चित्रपटाकडे वळले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतःच रंगविली. ‘पेंटर’ हे त्यांच्या नावापुढे लागलेले बिरुद त्यांनी आडनावासारखे मिरविले. मोठे रंगकाम करणाऱ्याला कमी लेखणाऱ्या मंडळींनी हे नाव ध्यानात ठेवावे.

आता फलकावरून दालनात गेलेल्या एका चित्रकाराकडे वळू. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली आपल्या पंढरपुरात झाला. आई बालपणीच वारली. पुढे कुटुंब इंदूरला गेले. चौथ्या दशकात हा तरुण मुंबईत आला आणि पोटासाठी सिनेमाचे फलक रंगवू लागला. चौरस फुटाच्या हिशेबाने काही आणे मिळत. पुढे लग्न झाल्यावर मुलांचे फर्निचर आणि खेळणी यांचे नमुने करून देण्याची नोकरीही त्याने केली. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्याचे चित्र लागले, आणि लवकरच सूझा, रझा, आरा, गाडे आणि बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये तो सामील झाला. यांपैकी हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे ही नावे मराठी घरांनी तरी विसरू नयेत.

हुसेन यांनी दालनात काय नेले? फलकावरील नायक-नायिका त्यांनी नेल्या नाहीत. त्यांनी नेला तो हात. परांचीवर उभा राहणारा माणूस बारीक कुंचल्याने गोंजारीत बसू शकत नाही. दिवस मोजके, फलक मोठा, आणि पाहणारा धावत्या ट्राममध्ये बसलेला. त्यामुळे रेषा एकदाच ओढावयाची आणि ती ठाम ओढावयाची. आकृती तिच्या बाह्यरेषेवरूनच ओळखू आली पाहिजे. अनावश्यक ते वगळलेच पाहिजे. हा गुण त्यांच्या लहान चित्रांतही दिसतो. त्यांचा घोडा हातभर कागदावर असला तरी खोलीच्या पलीकडून धावत येतो. १९४८ साली दिल्लीत भरलेल्या प्राचीन भारतीय कलेच्या प्रदर्शनात मथुरेची शिल्पे आणि बसोलीची चित्रे त्यांनी पाहिली, आणि त्या संस्काराची जोड या हाताला मिळाली. १९५५ साली त्यांच्या ‘जमीन’ या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उंचीला अवघे तीन फूट आणि लांबीला सुमारे १८ फूट असे हे आडवे चित्र. खेड्यातील माणसे, जनावरे आणि अवजारे यांचे एकामागून एक कप्पे. एका दृष्टिक्षेपात ते मावत नाही, पाहणाऱ्याला त्याच्यापुढून चालत जावे लागते, जसे आपण रस्त्यावरच्या भिंतीपुढून चालत जातो.

पुढे साठीच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने भित्तिचित्र करावयाचे ठरले आणि नामांकित चित्रकारांकडून आराखडे मागविण्यात आले. निवड हुसेन यांच्या आराखड्याची झाली, आणि ४५ फूट लांब, ९ फूट उंच असे ‘भारत भाग्य विधाता’ हे चित्र तेथे साकार झाले. म्हणजे फलकावरून दालनात गेलेला माणूस प्रतिष्ठित होऊन पुन्हा भिंतीकडे आला.

हुसेन यांच्या उत्तरायुष्यात त्यांच्या काही देवताचित्रांवरून तीव्र वाद झाले, अनेक खटले दाखल झाले, २००६ साली ते देशाबाहेर गेले, २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याविषयी आपणांपैकी प्रत्येकाचे आपले मत असेल. आजचा माझा विषय फलक आणि दालन यांच्यामधील वाटेचा आहे, म्हणून मी तेथे थांबत नाही.

दुसरे उदाहरण दूरदेशीचे आहे. माझ्या चुकीचे खरे उत्तर मला तेथे सापडले, म्हणून त्यापाशी अधिक वेळ घेतो.

जेम्स रोझेनक्विस्ट हा चित्रकार १९३३ साली अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यात जन्मला. आईवडील दोघांनाही विमान चालविण्याचा छंद. मिनेसोटा विद्यापीठात शिकून १९५५ साली शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कला गेला. शिष्यवृत्ती संपल्यावर पोट भरण्यासाठी १९५७ पासून त्याने जाहिरातींचे फलक रंगविण्याचे काम धरले. टाइम्स स्क्वेअर या गजबजलेल्या चौकात, रस्त्यापासून कित्येक मजले उंच टांगलेल्या फळीवर उभे राहून, त्याने चित्रपटांचे आणि विक्रीच्या वस्तूंचे अवाढव्य फलक रंगविले. आमच्या गिरणगावच्या शेडमधील कामात आणि त्या कामात उंचीखेरीज काही फरक नव्हता. लहान चित्र, चौकटी, डबे, आणि हातभर अंतरावर एक भलामोठा ओठ. १९६० साली त्याचे दोन सहकारी परांचीवरून पडून मरण पावले आणि त्याने ते काम सोडले. बंदराजवळच्या एका जुन्या इमारतीत त्याने जागा भाड्याने घेतली आणि स्वतःची चित्रे रंगवू लागला.

तोपर्यंत तोही इतर तरुणांप्रमाणे निराकार रंगांची चित्रे काढीत असे. फलकाचे काम ते पोटाचे, आणि चित्र ते आत्म्याचे, अशी वाटणी त्यानेही केली होती. या खोलीत ती वाटणी मोडली. त्याच्या लक्षात आले की, परांचीवर असताना आपण रोज जे पाहत होतो ते दुसरे कोणी पाहिलेलेच नाही. शेवयांसारखा एखादा पदार्थ फलकावर रंगवीत असता जवळून तो पदार्थ राहत नाही, केशरी-लाल रंगाची नदी होते. रस्त्यावरच्या लोकांना पदार्थ दिसतो, रंगाऱ्याला नदी दिसते. मग आपल्या चित्रात लोकांना परांचीवरच का उभे करू नये?

हीच ती गोष्ट, जी मी एकोणिसाव्या वर्षी मास्तरांच्या शेजारी उभा राहून पाहिली होती आणि जिचा अर्थ मला साठ वर्षांत कळला नाही.

१९६२ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या ग्रीन गॅलरीत रोझेनक्विस्टचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले आणि नव्या पॉप कलेतील एक प्रमुख नाव म्हणून तो गणला जाऊ लागला. १९६४ साली त्याने आपले सर्वांत मोठे काम हाती घेतले. त्याचे नाव ‘एफ-१११’. हे त्या वेळी अमेरिकेत तयार होत असलेल्या एका लढाऊ विमानाचे नाव. चित्राची उंची १० फूट आणि लांबी ८६ फूट. कापडाचे आणि काही ठिकाणी ॲल्युमिनियमचे तुकडे जोडून ते केलेले आहे. विमानाचा देह चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला, आणि त्याला मध्येमध्ये छेदणाऱ्या नित्याच्या वस्तू: मोटारीचा टायर, विजेचे दिवे, लहान निशाणे खोचलेला केक, अणुस्फोटाच्या ढगापुढे उघडलेली रंगीत छत्री, आणि केस वाळविण्याच्या चकचकीत यंत्राखाली बसलेली हसरी मुलगी. ते यंत्र पाहताना क्षेपणास्त्राच्या टोकाची आठवण व्हावी अशी योजना आहे. शेवटाला त्या केशरी-लाल शेवयाही आहेतच. व्हिएतनामचे युद्ध चिघळत होते ते हे दिवस. आपण कर भरतो, केक खातो, टायर विकत घेतो, आणि त्याच पैशाच्या ओघात हे विमानही तयार होते, हा त्याचा आशय. तो कोठेही अक्षरांत लिहिलेला नाही.

आता ते दालनात कसे लावले ते पाहा. १९६५ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या लिओ कॅस्टेली यांच्या दालनात ते प्रथम मांडले गेले. दालनाची खोली बेताची. ८६ फुटांची भिंत तेथे कोठून येणार? त्याने चित्र त्या खोलीच्या मापानेच बेतले होते. ते चारही भिंतींवरून वळवून लावले. प्रेक्षक आत आला की सभोवार चित्रच. मागे सरकावे तर पाठीशीही चित्र. पलीकडचा फुटपाथ नाहीच! दूर जाऊन ‘हा डोळा, हा ओठ’ असे ओळखण्याची सोय त्याने काढून घेतली आणि प्रत्येक प्रेक्षकाला परांचीवर उभे केले. रस्त्यावर जो आकार लांबून पाहण्यासाठी होता, तोच आकार खोलीत आणताच जवळीक उत्पन्न करणारा झाला. आकार कमी केला असता तर हे घडते ना.

सज्जनहो, माझी चूक येथे होती. मी त्या मुलाला त्याच्या चित्रातील विषय दालनात न्यावयास सांगितला आणि चित्राचे माप बाहेर ठेवावयास सांगितले. परंतु भाजी घेऊन परतणाऱ्या बायका हा त्या चित्राचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे त्या बायका आपल्याहून उंच होत्या, आपण त्यांच्या पदराच्या पातळीवरून चालत होतो, आणि त्यांची रांग संपावयाला आपल्याला वीस पावले टाकावी लागत होती. दोन फुटांच्या कापडावर त्या बायका केवळ ‘सुंदर’ उरल्या. दिनदर्शिकेची उपमा देणारे गृहस्थ कठोर असतील, पण खोटे बोलले नाहीत.

हुसेन आणि रोझेनक्विस्ट या दोन वाटा आहेत. पहिल्याने फलकाचा हात नेला, दुसऱ्याने फलकाची भव्यता आणि जवळीक नेली. दोघांपैकी कोणीही फलकाची नक्कल नेली नाही. जो तरुण आज भिंत सोडून दालनात जाऊ पाहतो, त्याने आधी स्वतःला विचारावे की, माझ्या भिंतीवर असे काय घडत होते, जे भिंतीशिवायही घडू शकेल? उत्तर मिळाले तर जावे. न मिळाले तर भिंतीवरच राहावे, तेही कमीपणाचे नाही.

आता व्यवहाराचा प्रश्न. या सभेत बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या मनात तो असणारच, आणि तो असावाही. एवढे मोठे चित्र विकत घेणार कोण? रोझेनक्विस्टलाही ही शंका होती. ‘एफ-१११’चे तुकडे सुटे सुटे विकावेत, ज्याला जो तुकडा मिळेल तो त्याने घ्यावा, अशी त्याची मूळ योजना होती. परंतु रॉबर्ट स्कल नावाच्या संग्राहकाने ते संपूर्ण विकत घेतले, म्हणून ते अखंड राहिले. १९८६ साली लिलावात त्याला २० लाख डॉलरांहून अधिक किंमत आली, आणि १९९६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले. रोझेनक्विस्ट २०१७ साली निवर्तला. हे आकडे सांगून मी कोणाला भुलवू इच्छीत नाही. त्याच्यासोबत परांचीवर काम करणारे कितीतरी रंगारी अनामच राहिले. मला दाखवावयाचे आहे ते इतकेच की, मोठे चित्र अखंड राहण्यासाठी चित्रकाराच्या धैर्यासोबत दुसऱ्या कोणाचा तरी विश्वास लागतो. तो विश्वास कधी एखादा धनिक देतो, कधी संस्था देते.

दालनात जाताना काही गमावले जाते, हेही मान्य केले पाहिजे. भिंत कोणाला दार उघडावयास सांगत नाही. हमाल, शाळकरी पोर, रिक्षावाला, सर्वांना ती सारखीच दिसते. दालनात प्रवेश विनामूल्य असला तरी उंबरठा असतोच. आमच्या मास्तरांची गोष्ट सांगतो. मुंबईच्या काळा घोडा भागात १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर कलादालन उभे राहिले. तेथे जावयास पैसे पडत नाहीत. आमच्या शेडपासून तेथे बसने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येई. एका रविवारी मी मास्तरांना म्हणालो, “चला, पाहून येऊ.” ते हाताचा रंग चिंधीने पुसत म्हणाले, “तिथं आपलं काय काम?” मी दुसऱ्यांदा विचारले नाही. ज्या माणसाने अर्ध्या मुंबईला चेहरे दाखविले, तो चित्रांच्या घरात आयुष्यात एकदाही गेला नाही. हा दोष दालनाचा किती, मास्तरांचा किती आणि न आग्रह धरणाऱ्या माझा किती, याचा हिशेब मी अजून करतो आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रावर छापलेले प्लॅस्टिकचे फलक आले आणि काही वर्षांतच हाताने रंगविणाऱ्यांच्या शेड बंद पडल्या. कोणी घरांना रंग देऊ लागले, कोणी वाहनांचे क्रमांक लिहू लागले, कोणी गावी परतले. मी त्यापूर्वीच शाळेत नोकरीला लागून सुरक्षित झालो होतो. एक विद्या आपल्या डोळ्यांदेखत गेली आणि तिची साधी नोंदही आपण ठेवली नाही.

परंतु भिंत रिकामी राहत नाही. २०१४ साली वांद्रे येथे दूरध्वनी खात्याच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र रंगविले गेले. २०१७ साली ससून डॉकच्या जुन्या मासळी बंदरात अनेक चित्रकारांनी भिंती आणि गुदामे रंगविली, आणि एरवी त्या बाजूला न फिरकणारी माणसे तेथे रांगा लावून गेली. आजची मुले चौकटी आखतात, परांचीवर चढतात, रस्ता ओलांडून पाहतात. फरक एवढाच की, ती खाली कोपऱ्यात सही करतात. मास्तरांनी ते पाहिले असते तर त्यांना बरे वाटले असते.

आता समारोप करतो. तो मुलगा पुन्हा कामाला लागला आहे. मी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या वडिलांसमक्ष, माझा सल्ला चुकला असे सांगितले. शिक्षकाला हे वाक्य उच्चारणे किती जड जाते, हे या सभेतील शिक्षक जाणतील. पुढील महिन्यात त्याचे दुसरे प्रदर्शन आहे. या वेळी चित्र एकच आहे. कापडाचे पट्टे जोडून केलेले, खोलीच्या तीन भिंती व्यापणारे, त्याच बाजारातून परतणाऱ्या बायकांचे. ते विकले जाईल असे मला वाटत नाही. वडिलांनाही वाटत नाही. तरी त्यांनी त्या कापडासाठी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून दिले. ते त्यांनी मला सांगितले नाही, मुलाच्या आईने सांगितले.

आपल्या संस्थेकडे माझे मागणे मोठे नाही. आपण अभियांत्रिकीच्या आणि वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो अवश्य करावा. परंतु पुढील महिन्यात एका रविवारी आपापल्या मुलाबाळांना, आणि विशेषतः घरातील वडील माणसांना घेऊन, त्या दालनाचा उंबरठा ओलांडावा. आत गेल्यावर प्रथम किंमत विचारू नये. चित्राच्या अगदी जवळ उभे राहावे, इतके जवळ की पदर म्हणजे नुसता हिरवा रंग दिसावा. मग मागे सरकू पाहावे. आणि घरातील कोणी ‘तिथं आपलं काय काम’ असे म्हणाले, तर त्यांना दुसऱ्यांदा विचारावे. मी विचारले नाही, तेवढी एक चूक आपण करू नये.